पोलिसांचे बळ आणि किनाऱ्यावरील सावधता

मुरुडहून आगरदांड्याच्या धक्क्यावर आलो की समोर राजपुरीची खाडी पसरलेली दिसते. खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा किल्ला आणि पैलतीरावर दिघी. फेरीबोटीने थोड्याच वेळात पलीकडे जाता येते. सहलीला येणाऱ्या बहुतेकांना या शांत बंदराशी जोडलेली एक तारीख ठाऊक नसते. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीच्या जेटीवर तस्करांनी चांदीबरोबर शस्त्रास्त्रे उतरविली. माल गाड्यांत भरला गेला आणि त्या गाड्या मार्गस्थ झाल्या. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी त्या अडविल्याही. पोलिसांच्या अंगावर गणवेश होता, हाती कायद्याने दिलेला अधिकार होता आणि संशयास कारणही पुरेसे होते. परंतु गाड्यांची कसून झडती घेण्याऐवजी पैशांचा सौदा ठरला आणि गाड्या सोडून देण्यात आल्या.

पुढच्याच महिन्यात, ३ आणि ७ फेब्रुवारीला, दक्षिणेकडील शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरविण्यात आले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे प्राणास मुकली. गोंडघर फाट्यावरील पोलिसांना व किनाऱ्याची राखण ज्यांच्याकडे होती त्यांपैकी काही सीमाशुल्क अधिकाऱ्यांना विशेष टाडा न्यायालयाने पुढे दोषी ठरविले. संत लूक यांच्या शुभवर्तमानात, आम्ही काय करावे असे शिपायांनी विचारले असता योहान त्यांना शस्त्र टाकून द्यायला सांगत नाही. कोणाकडून पैसे उकळू नका, खोटा आरोप करू नका आणि आपल्या वेतनात समाधान माना, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. दिघीचा प्रसंग वाचताना हा उतारा आठवल्याशिवाय राहत नाही.

आता दुसरी नाकाबंदी पाहू. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर चालून आलेले दहा अतिरेकीही समुद्रमार्गेच आले होते. त्यांनी 'कुबेर' ही भारतीय मासेमारी नौका बळकावली आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी ते उतरले. तेथील लोकांनी त्यांना पाहिले, हटकलेही. परंतु उर्मट उत्तर देऊन ते पुढे निघून गेले. त्याच रात्री त्यांपैकी दोघे, अजमल कसाब व त्याचा साथीदार इस्माईल खान, बळकावलेल्या स्कोडा मोटारीतून गिरगाव चौपाटीकडे निघाले. बिनतारी संदेशावरून मोटारीची खबर डी. बी. मार्ग ठाण्याच्या पोलिसांना मिळाली होती व रस्त्यावर अडथळे उभे होते. मोटार अलीकडेच थांबली, वळण्याच्या प्रयत्नात दुभाजकावर गेली. चकमकीत इस्माईल ठार झाला. कसाबने बंदूक उचलताच सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी तिची नळी हातांनी धरून ठेवली. त्यांच्याजवळ केवळ लाठी होती. गोळ्या त्यांच्या देहात शिरल्या, ते धारातीर्थी पडले. पण तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला लाठ्यांनी बडवून जेरबंद केले. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले.

या दोन रात्री शेजारी ठेवून पाहिल्या तर पोलिसी बळाविषयीचे आपले अनेक समज ढासळतात. शस्त्र किती मोठे यावर त्या बळाची परिणामकारकता ठरली नाही. फाट्यावर उभा असलेला माणूस जागा होता की विकला गेला होता, यावर ती ठरली. आणि चौपाटीवर घडलेली आणखी एक गोष्ट आपल्याला विशेष विचारात घ्यावीशी वाटते: कसाब जिवंत हाती लागला. तशा क्षणी त्याला गोळी घातली असती तरी कायद्याने पोलिसांना दोष दिला नसता. परंतु तो जिवंत राहिल्यामुळे कटाचे धागे उलगडले, खटला चालला, त्याला वकील मिळाला, उच्च व सर्वोच्च न्यायालयाने पुरावा तपासला आणि मगच २१ नोव्हेंबर २०१२ रोजी शिक्षेची अंमलबजावणी झाली. फाशीच्या शिक्षेविषयी ख्रिस्तसभेची भूमिका आज निराळी आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली धर्मशिक्षणग्रंथातील तो परिच्छेद बदलून ती शिक्षा अस्वीकार्य ठरविली. मात्र त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे की, इतरांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्यासाठी आक्रमकाला रोखणे हा केवळ हक्क नसून गंभीर कर्तव्य ठरू शकते. ओंबळे यांनी ते कर्तव्य कोणाचाही जीव न घेता, स्वतःचा देऊन पार पाडले.

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार, अटकेस विरोध झाल्यास आवश्यक ते सर्व उपाय पोलीस योजू शकतात. परंतु ज्याच्यावर मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा अटक करताना मृत्यू घडवून आणण्याचा हक्क हे कलम देत नाही. जुन्या संहितेतही हीच मर्यादा होती. पकडल्यानंतर पळून जाऊ नये इतपतच बंधन घालावे, त्याहून अधिक नको, असेही संहिता बजावते. थोडक्यात, धोका संपला की बळाचा परवानाही संपतो. हे साधे तत्त्व विसरले गेले की 'चकमक' या शब्दालाच संशय चिकटतो. १९९५ ते १९९७ या काळातील मुंबईतील चकमकींवरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये नियम घालून दिले. त्यानुसार चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा लागतो, तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे जातो, दंडाधिकारी चौकशी होते. घटनेपाठोपाठ शौर्यपदक किंवा बढती देण्यासही मनाई आहे. वर्सोव्यातील २००६ च्या एका बनावट चकमकीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका माजी पोलीस अधिकाऱ्याची सुटका रद्द करून त्यास जन्मठेप ठोठावली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. चकमकीच्या बातमीवर टाळ्या वाजविणाऱ्यांत आपल्यापैकीही काहीजण असतात, हे मान्य केलेले बरे.

सर्वसामान्य माणसाने अशा प्रसंगी कसे वागावे? रात्री नाकाबंदीवर गाडी थांबविण्याचा इशारा झाला तर वेग हळूहळू कमी करावा, आतील दिवा लावावा आणि हात दिसतील असे ठेवावेत. कागदपत्रे काढण्यापूर्वी तसे तोंडाने सांगावे. अंधारात उभ्या असलेल्या शिपायाला आपला चेहरा दिसत नसतो, खिशाकडे झटकन गेलेला हात मात्र दिसतो. अपघात होतात ते बहुधा त्या क्षणाला. गोळीबार सुरू झाल्यास जमिनीवर पालथे पडावे, पक्क्या भिंतीचा आडोसा घ्यावा आणि भ्रमणध्वनीचा आवाज बंद करावा. चित्रीकरण करण्याचा मोह टाळावा. २६/११ च्या वेळी दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांच्या हालचाली उघड झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्याबद्दल कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली.

समुद्रावरची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथे पहिला पहारेकरी बहुधा कोळी बांधवच असतो. जुलै २०२५ मध्ये कोर्लईजवळच्या समुद्रात संशयास्पद नौका दिसल्याची खबर आली आणि पोलीस, नौदल व तटरक्षक दलाने शोध आरंभला. कार्मेल मातेच्या छायेत राहणारे आणि घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे आपले कोर्लईचे श्रद्धावंत त्या दिवसांत बातम्यांत आले ते अशा निमित्ताने! पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. म्हणून त्या दिवसांत दिसलेली नौका अधिक लक्ष वेधते. त्याआधी १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागली आणि तीत तीन एके-४७ रायफली आढळल्या. ती परदेशी मालकीची, भरकटलेली नौका होती व घातपाताचा हेतू दिसत नाही, असे शासनाने त्याच दिवशी स्पष्ट केले. तरीही ज्यांनी कळविले त्यांचे काही चुकले नाही.

अनोळखी नौका दिसली तर तिच्या जवळ जाऊ नये, तिच्यावरील माणसांशी हुज्जत घालू नये. नाव, रंग, नोंदणी क्रमांक, दिशा व वेळ टिपून घ्यावी. आपल्या नौकांवर 'आयएनडी' व 'एमएच' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, तो नसेल तर तेही सांगावे. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि किनाऱ्यावर असाल तर ११२. 'सागर कवच' या सरावात साध्या वेशातील जवान परक्या माणसांसारखे किनाऱ्यावर उतरण्याचा प्रयत्न करतात आणि त्यांना कोणी हटकते का, कोणी फोन करते का, हे पाहिले जाते. पुढचा सराव केव्हा, हे अर्थातच आधी जाहीर होत नाही.