धूळपाटीपासून चावडीपर्यंत

विकिपीडियावरचे पहिले संपादन बहुधा किरकोळ असते. कुठे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले, कुठे चुकलेले साल. ‘संपादन’वर टिचकी मारायची, दुरुस्ती करायची, प्रकाशित करायची, कुणाची परवानगी लागत नाही. २००१ साली इंग्रजीत आणि १ मे २००३ पासून मराठीत हा ज्ञानकोश वाढला तो या मोकळीकीवर. आलेल्यांपैकी पुष्कळ जण एक-दोन दुरुस्त्या करून निघून जातात. थोडे टिकतात, आणि त्यांची कामाची रीतच हळूहळू बदलत जाते.

मराठीत नवखा लेखक हमखास हात घालतो तो आपल्या गावावरच्या लेखाला. ‘निसर्गरम्य परिसरात वसलेल्या या गावचे ग्रामदैवत जागृत असून येथील जत्रा महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे,’ असे तो लिहितो. दुसऱ्या दिवशी पाहावे तर वाक्य गायब! इथे रागावून अनेक जण कायमचे जातात. ज्याला ‘इतिहास’ उघडून पाहावेसे वाटते तो टिकण्याची शक्यता बरीच. लेखातला प्रत्येक बदल कुणी, केव्हा केला हे त्या पानावर दिसते. सारांशाच्या जागी कारणही असते: ‘संदर्भ नाही’. मग तो जिल्ह्याचे गॅझेटियर शोधतो, जत्रेची तिथी तिथून घेतो, लोकसंख्या २०११च्या जनगणनेतून देतो. ‘निसर्गरम्य’ आणि ‘जागृत’ गळून पडतात. वाक्य रुक्ष होते खरे, पण कुणालाही तपासता येते.

पचायला सर्वांत जड जातो तो हाच नियम. स्वतःला ठाऊक असणे पुरेसे नाही. ते विश्वासार्ह ठिकाणी छापलेले हवे. आजोबांनी सांगितलेली हकिकत चालत नाही, तसे प्राध्यापकाचे अप्रकाशित संशोधनही चालत नाही. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि त्याच्या अधिकारावर वाचक विसंबतो. विकिपीडियाच्या लेखाखाली नाव नसते, म्हणून सगळा भार संदर्भावर येतो. वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा उतरवणे हाही उपाय नव्हे. तो प्रताधिकाराचा भंग ठरतो आणि मजकूर काढला जातो.

यानंतर काम लेखाबाहेर पसरते. कच्चा मजकूर ‘धूळपाटी’वर गिरवला जातो, मतभेद लेखाच्या चर्चा पानावर मांडले जातात, सर्वांशी संबंधित प्रश्न ‘चावडी’वर जातात. ‘अलीकडील बदल’ चाळून शिवीगाळ, जाहिरात किंवा कोरे केलेले पान पूर्ववत करणे, लेखांना वर्ग जोडणे, साचे दुरुस्त करणे, ही कामे वाचकाच्या नजरेस सहसा पडत नाहीत. कोश उभा राहतो तो मात्र त्यांच्यावरच.

माणूस असा घडतो की मुळातच तसा असतो, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ब्रायंट, फोर्ट आणि ब्रुकमन यांनी २००५ साली मुरलेल्या संपादकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांना दिसले की किरकोळ दुरुस्त्यांपासून सुरुवात करणाऱ्याला पुढे साऱ्या कोशाचीच काळजी वाटू लागते. पॅन्सिएरा, हाफेकर आणि टरव्हीन यांनी २००९ मध्ये संपादनांच्या नोंदी तपासल्या, तर पुढे भरघोस काम करणारे पहिल्या दिवसापासूनच इतरांहून अधिक काम करताना आढळले. दोन्ही खरे असू शकते: उत्साह आधीचा, रीत शिकलेली. पहिल्याच चुकीला नवख्याशी कोण कसे बोलते, यावर मात्र तो उत्साह टिकणे बरेच अवलंबून असते.

अनुभवानुसार मुभाही वाढतात. इंग्रजी विकिपीडियावर चार दिवस आणि दहा संपादने झाली की अंशतः सुरक्षित पाने बदलता येतात. तीस दिवस आणि ५०० संपादनांनंतर आणखी काही. खाते सहा महिन्यांचे, संपादने ५०० आणि अलीकडे काम चालू असेल, तर ‘विकिपीडिया लायब्ररी’तून एरवी पैसे मोजून वाचावी लागणारी नियतकालिके फुकट वाचता येतात. हा आकडा सर्व भाषांतली संपादने मिळून मोजला जात असल्याने मराठीत काम करणाऱ्यालाही तो लाभ मिळतो, आणि संदर्भांची चणचण पाहता तो मोठाच आहे.

प्रचालक हे पद चर्चा होऊन, कौल घेऊन दिले जाते. पान वगळणे, सुरक्षित करणे, उत्पात करणाऱ्याला रोखणे हे अधिकार त्याच्याकडे येतात. लेखात काय असावे या वादात मात्र त्याच्या मताला इतरांहून जास्त वजन नसते. तिथे त्यालाही संदर्भच द्यावा लागतो.