चाचणी सोपी, तर सवय पक्की

प्रोग्रॅमरला चाचण्या लिहायचा कंटाळा येतो, तो बहुतेकदा साधन किचकट असल्यामुळे. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिख गामा या प्रोग्रॅमरांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानातच ‘जेयुनिट’ या चाचणी-साधनाचा पाया घातला. जावाची चाचणी जावातच लिहायची. सगळ्या चाचण्या पास झाल्या तर हिरवी पट्टी, एक जरी नापास झाली तर लाल. पायथॉनमधले ‘पायटेस्ट’ हे साधन आणखी पुढे गेले. तिथे तपासणीच्या डझनभर आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत. ‘हे खरे असायला हवे’ असे सांगणारा पायथॉनचा साधा ‘असर्ट’ पुरतो. समजा, बिल ४५० यायला हवे आणि ४०५ आले, तर दोन्ही आकडे लगेच समोर दिसतात. साधन निवडताना म्हणूनच एवढे जरूर पाहा: चाचणी नापास झाली, तर ते नेमके कारण सांगते का?