स्ट्राउस घराण्याची सेविका एलेन बर्ड

टायटॅनिक जहाजाच्या प्रथम वर्गातील प्रवाशांची एक छापील यादी होती. तीत न्यूयॉर्कचे व्यापारी इसिडोर स्ट्राउस यांच्या नावापुढे ‘आणि सेवक’ आणि त्यांच्या पत्नी इडा यांच्या नावापुढे ‘आणि सेविका’ एवढीच नोंद आढळते. सेवकाचे नाव होते जॉन फार्दिंग, सेविकेचे एलेन बर्ड. यादी छापणाऱ्यांना ही नावे आवश्यक वाटली नाहीत. श्रीमंतांच्या सामानाची नोंद असावी तशीच ही माणसांची नोंद. तरीही स्ट्राउस दांपत्याच्या अखेरच्या घटकांविषयी जगाला जे कळले, त्यातील मोठा भाग या नाव नसलेल्या सेविकेच्याच मुखातून आला.

एलेन यांचा जन्म १८८१ चा. गाव इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील ओल्ड बकेनहॅम. त्या काळी खेड्यातील कष्टकरी कुटुंबांतील मुलींना मोठ्या घरची नोकरी हाच पोटापाण्याचा एक राजमार्ग होता. त्यातही ‘लेडीज मेड’ म्हणजे मालकिणीची खास सेविका होणे ही वरच्या पायरीची गोष्ट. केर-पोतेरे तिच्याकडे नसे. मालकिणीची वेणीफणी, पोशाखाची निवड, जाळीदार वस्त्रांची दुरुस्ती, प्रवासातील पेट्यांची बांधाबांध आणि दागिन्यांची राखण ही तिची कामे. घरातील कोणत्याही नोकरापेक्षा मालकिणीचा विश्वास तिच्यावर अधिक, आणि म्हणून जबाबदारीही अधिक. मालकिणीने टाकून दिलेले कपडे या सेविकेला मिळावेत असा इंग्लंडात जुना रिवाज होता. तो वेतनाचाच भाग मानला जाई. पुढील हकिकतीसाठी हा रिवाज ध्यानात ठेवावा.

ज्या घरात एलेन दाखल झाल्या, त्या घराचीही ओळख करून घेतली पाहिजे, कारण ते अस्सल व्यापारी घराणे होते. इसिडोर यांचे वडील लाझारस स्ट्राउस हे जर्मनीतून अमेरिकेत आलेले ज्यू गृहस्थ. जॉर्जिया राज्यात गाडीवर माल घालून गावोगाव फेरी करीत त्यांनी आरंभ केला आणि पुढे टॅलबटन येथे दुकान थाटले. १८५४ मध्ये कुटुंब त्यांच्यापाशी आले. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा व्यापार बुडाला. न्यूयॉर्कच्या घाऊक व्यापाऱ्यांचे युद्धापूर्वीचे येणे अनेकांनी बुडीत धरले होते, परंतु लाझारस यांनी युद्धानंतर ते पूर्णपणे चुकते केले. ही पत पुढे घराण्याच्या कामी आली. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी चिनी मातीची व काचेची भांडी विकण्याचा धंदा मांडला. १८७४ मध्ये मेसीज या प्रसिद्ध दुकानाच्या तळघरात त्यांना भांड्यांचा विभाग मिळाला. १८८८ मध्ये इसिडोर आणि बंधू नेथन भागीदार झाले आणि १८९६ मध्ये संपूर्ण मेसीज त्यांच्या मालकीचे झाले. तळघरातील एका विभागापासून मालकीपर्यंत बावीस वर्षे!

१९१२ च्या आरंभी हे दांपत्य युरोपच्या प्रवासात होते. परतीच्या प्रवासापूर्वी त्यांनी लंडनमध्ये एलेन यांना नोकरीस ठेवले. म्हणजे १० एप्रिल रोजी साउदॅम्प्टन बंदरात जहाजावर पाऊल ठेवताना मालकीण आणि सेविका यांची ओळख अगदी नवी होती. वर्षानुवर्षांच्या सहवासातून आलेली ही माया नव्हती, हे विसरून चालणार नाही.

१४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी जहाज हिमनगावर घासले. जहाजावर २० जीवनरक्षक होड्या होत्या आणि त्यांत जागा ११७८ माणसांची. प्रवासी व खलाशी मिळून माणसे मात्र २२०० च्या वर होती. स्त्रिया व मुले आधी, असा आदेश निघाला. आठव्या क्रमांकाच्या होडीपाशी इसिडोर, इडा आणि एलेन उभे होते. इसिडोर यांचे वय ६७. वृद्ध गृहस्थाला होडीत घेण्यास कोणाची हरकत असणार नाही, असे भोवतालच्या माणसांनी सुचवले. इतर पुरुष मागे असताना आपण पुढे जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा इडाही मागे राहिल्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ संसार झाला होता, आणि पतीला सोडून जाण्यास त्यांनी स्वच्छ नकार दिला. एलेन यांना मात्र त्यांनी होडीत बसण्यास सांगितले आणि अंगावरचा फरचा कोट काढून त्यांच्या हाती दिला. होडीत थंडी असेल, मला आता याची गरज लागणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे होते.

(१९९७ च्या चित्रपटात एक वृद्ध जोडपे बिछान्यात एकमेकांना बिलगून मरणाची वाट पाहताना दिसते, ते याच दांपत्यावरून घेतलेले. प्रत्यक्षात लोकांनी त्यांना अखेरचे पाहिले ते डेकवर, एकमेकांजवळ.)

६५ माणसांची सोय असलेली ती होडी तिसांहूनही कमी माणसे घेऊन पाण्यात उतरली. थॉमस जोन्स नावाचा खलाशी प्रमुख होता. सुकाणू रोथेसच्या काउंटेसने धरले आणि स्त्रियांनी वल्ही मारली. दूरवर एका जहाजाचा दिवा दिसत होता. तेथे माणसे उतरवून परत या, असा कप्तानाचा हुकूम होता. रात्रभर वल्ही मारूनही तो दिवा जवळ आला नाही. जहाज बुडाल्यावर मागे फिरून पाण्यातील माणसांना उचलावे असे जोन्स आणि काउंटेस यांचे मत होते. होडीतील बहुतेकांनी विरोध केला. जिवाचे भय समजण्यासारखे आहे, परंतु रिकाम्या जागांचा हिशेब त्यामुळे बदलत नाही.

सकाळी कार्पेथिया जहाजाने त्यांना घेतले आणि १८ एप्रिलच्या रात्री न्यूयॉर्कला उतरवले. सुमारे १५०० माणसे गेली होती. प्रथम वर्गाच्या १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या. न वाचलेल्या चौघींत इडा एक. तिसऱ्या वर्गाच्या १६५ स्त्रियांपैकी मात्र ७६ च वाचल्या. सेविका प्रथम वर्गात होत्या म्हणून वाचल्या. फार्दिंग पुरुष असल्याने गेले. इसिडोर यांचे पार्थिव समुद्रातून मिळाले, इडा यांचे कधीच नाही.

एलेन यांच्याजवळ आता मालकीण नव्हती, नोकरी नव्हती आणि परक्या देशात ओळखही नव्हती. होता तो एक मौल्यवान कोट. प्राण्याच्या कातड्याचे असले वस्त्र आपल्या घरांत कोणी आणणार नाही, परंतु त्या समाजात त्याची किंमत मोठी होती. रिवाजाप्रमाणे तो त्यांचाच होता, शिवाय मालकिणीने स्वहस्ते दिलेला. तरी त्या स्ट्राउस यांची थोरली कन्या सारा हिच्याकडे गेल्या आणि कोट पुढे केला. आईची वस्तू आईच्या मुलीकडे जावी, हा त्यांचा विचार. साराने तो घेतला नाही. आईने तो तुम्हाला दिला आहे, तुम्हीच ठेवा, असे तिने सांगितले. ही गोष्ट स्ट्राउस कुटुंबात पुढील पिढ्यांनी जपली.

१९१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि १०६ व्या रस्त्याच्या चौकात स्ट्राउस दांपत्याच्या स्मरणार्थ उद्यान झाले. मेसीजच्या नोकरवर्गाने स्वेच्छेने पैसे जमवून दुकानात स्मृतिफलक बसवला. एलेन इंग्लंडला परतल्या नाहीत. अमेरिकेतच त्यांनी घरकामाची नोकरी पुढे चालू ठेवली, नंतर विवाह केला आणि १९४९ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले.