हवामानाच्या नकाशावरील आकडे कसे तपासावेत?

पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्या समाजाचे लक्ष दोन गोष्टींकडे लागलेले असते. एक, चातुर्मासानिमित्त नगरात स्थिर झालेल्या साधु-साध्वींच्या व्याख्यानांकडे. आणि दुसरी, माळव्यातील सोयाबीनवर पडणाऱ्या अथवा न पडणाऱ्या पावसाकडे. पहिल्या विषयावर लिहिण्याचा प्रस्तुत लेखकास अधिकार नाही. दुसऱ्याविषयी चार गोष्टी सभासद बंधुभगिनींपुढे मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या जीवाजी वेधशाळेतून उष्णमान व पाऊस यांचे आकडे शहरास मिळत आले आहेत. आता त्यांच्या जोडीला ठिकठिकाणच्या स्वयंचलित केंद्रांचे आकडेही संगणकावर उतरवून घेता येतात, आणि क्यूजीआयएससारख्या विनामूल्य आज्ञावलीत ते घातले की साऱ्या माळव्याचा रंगीत नकाशा क्षणार्धात पडद्यावर उमटतो. अनेक पेढ्यांवरील तरुण मंडळी हे काम हौसेने करतात. परंतु नकाशा विपरीत दिसू लागला की, ‘यंत्र बिघडले’ असे म्हणून सर्वजण मोकळे होतात. अनुभव असा की, यंत्र क्वचितच बिघडलेले असते. आकड्याला चिकटविलेली चिठ्ठी वाचण्यात चूक झालेली असते. कोणत्याही वस्तूचा विचार द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अपेक्षांनी करावा, असे आपली परंपरा सांगते. हवामानाच्या आकड्यास हा नियम तंतोतंत लागू पडतो.

क्षेत्रापासून प्रारंभ करू. उज्जैनचे स्थान सुमारे २३ अंश ११ कला उत्तर व ७५ अंश ४६ कला पूर्व असे आहे. एका अंशात ६० कला असल्यामुळे दशांश पद्धतीत हेच आकडे २३.१८ व ७५.७७ असे लिहावे लागतात. घाईत कोणी २३.११ व ७५.४६ असे लिहिले, तर आपले केंद्र सुमारे ३२ किलोमीटर पश्चिमेस सरकून बडनगरच्या वाटेवर जाऊन बसते. ही चूक धोक्याची, कारण ती डोळ्यास खटकत नाही. अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झाल्यास उज्जैन नॉर्वेच्या उत्तरेस बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडते, आणि दोन्ही रकाने रिकामे राहून शून्य धरले गेल्यास आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात! अशा चुका हास्यास्पद असल्या तरी निरुपद्रवी होत. त्या तत्काळ उघडकीस येतात.

कालाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषात ज्या नगरीवरून मध्यरेखा मोजली जात असे, त्याच नगरीतील व्यापाऱ्यास आज ग्रिनिचच्या वेळेने फसावे लागते, हा एक दैवदुर्विलासच म्हणावयाचा. हवामानाची निरीक्षणे जगभर ग्रिनिचच्या वेळेनुसार नोंदविली जातात, आणि आपली घड्याळे तिच्यापुढे साडेपाच तास असतात. सकाळच्या ८-३० च्या निरीक्षणापुढे म्हणूनच ०३-०० असे लिहिलेले असते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. दिवसाचे सर्वाधिक उष्णमान नकाशावर किती वाजता दिसते ते पाहावे. ते दुपारी अडीच-तीनच्या सुमारास असावयास हवे. सकाळी नऊ वाजता दिसले तर वेळेची दुरुस्ती झालेलीच नाही. रात्री आठला दिसले तर ती दोनदा झाली आहे.

तारखेचाही असाच घोळ होतो. अमेरिकन रीतीने महिना प्रथम वाचणाऱ्या आज्ञावलीस ०३-०७ ही ३ जुलै न वाटता ७ मार्च वाटते. परिणामी जुलैच्या पहिल्या बारा दिवसांचा पाऊस वर्षाच्या बाराही महिन्यांतील ७ तारखांना विखुरला जातो, आणि १३ तारखेपासूनचा पाऊस नाहीसा होतो. जानेवारीत जुलैसारखा पाऊस दिसला की हेच ओळखावे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्याकडे चोवीस तासांचा पाऊस सकाळी ८-३० ला मोजून त्याच दिवसाच्या नावे लिहितात. एका व्यापारी स्नेह्यांची गोदामाबाहेर रचलेली पोती ३ तारखेच्या रात्री भिजली. त्यांनी विम्याच्या अर्जात ३ तारीख घातली. नकाशावर त्या दिवशी उज्जैन कोरडे होते, आणि मागणी नाकारली गेली. पाऊस ४ तारखेच्या रकान्यात होता. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते आणि आकडाही खरा होता. परंतु नुकसान मात्र झाले ते झालेच.

आता द्रव्य, म्हणजे नेमके काय मोजले आहे. अनेक स्वयंचलित पर्जन्यमापके प्रत्येक तासाचा पाऊस न कळविता सकाळी ८-३० पासूनची साठत गेलेली बेरीज कळवितात. २, ५, ९, ९ असे आकडे आले तर पाऊस ९ मिलिमीटर झाला, २५ नव्हे. रोजमेळातील शिल्लक पुन्हा जमेच्या बाजूस धरण्यासारखीच ही चूक आहे, आणि ती आपण तरी करू नये. तसेच निरीक्षण न झाल्यास पुष्कळदा उणे ९९९ असा सांकेतिक आकडा भरतात. तो खरा समजला गेला की रंगांची सारी मोजपट्टी ताणली जाते व उरलेला माळवा एकाच रंगाचा दिसतो. तो पुसून तेथे शून्य भरणे मात्र अधिकच वाईट. ज्या दिवशी कोणी मोजले नाही तो दिवस कोरडा होता, असे म्हणता येत नाही.

मापांविषयी थोडक्यात. आपल्या भागात पाऊस अद्याप इंचांत बोलला जातो. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. वाऱ्याचा वेग कोठे नॉटमध्ये तर कोठे ताशी किलोमीटरमध्ये असतो. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो तिकडची सांगतात, हेही ध्यानी असावे. वायुभाराबाबत मात्र सावध राहावे. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंच असल्यामुळे येथील प्रत्यक्ष वायुभार सागरपातळीच्या मानाने सुमारे ५५ हेक्टोपास्कलने कमी भरतो. तो तसाच मुंबईच्या शेजारी मांडल्यास साऱ्या माळव्यावर प्रचंड वादळ घोंघावत असल्याचा भास होतो.

इतके सारे बिनचूक झाल्यावरही एक फसगत उरते, ती रंगांची. २००५ साली २६ जुलैच्या मुंबईतील अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेथून सुमारे २२ किलोमीटरवरील कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. (ही नोंदही २७ जुलैच्या सकाळची आहे.) हे दोन आकडे आज्ञावलीस दिले, तर ती मधल्या प्रत्येक मोहल्ल्यास उतरत्या क्रमाने सुबक छटा वाटून देईल. त्या छटा कोणीही मोजलेल्या नाहीत. यासाठी रंगीत नकाशावर प्रत्यक्ष केंद्रांचे ठिपके व त्यांचे आकडे दाखविण्यास आपल्या मुलांना सांगावे, आणि आपल्या गावाचा रंग पाहण्याआधी सर्वांत जवळचा ठिपका किती दूर आहे ते मोजावे.