फोनवरून किंवा व्हिडिओवरून होणारी नोकरीची मुलाखत: रायपूरच्या उमेदवारांसाठी तयारी

प्रधानमंत्री कौशल विकास योजना, दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना किंवा लाइवलीहुड कॉलेजमधले प्रशिक्षण पूर्ण केल्यावर नोकरीची पहिली मुलाखत आता बऱ्याचदा फोनवरच होते. कंपनी पुण्यात, हैदराबादला किंवा बंगळूरला असते आणि उमेदवार तात्यापारा, गुढियारी नाहीतर अभनपूरच्या घरात बसलेला असतो. ग्राहक सेवा, कॉल सेंटर, बिलिंग आणि घरून करायच्या कामांसाठी ही पद्धत विशेष चालते. गाडीभाडे आणि एक दिवसाची मजुरी वाचते, हा मोठा फायदा. पण जागा, आवाज आणि नेट यांची जबाबदारी आता उमेदवारावर येते, आणि समोरचा माणूस खरोखर कंपनीचा आहे का हे ओळखण्याचीही.

मुलाखत खरी आहे का?

तयारी येथूनच सुरू करा. नोकरी देण्यासाठी खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन, आयडी कार्ड, लॅपटॉपचे डिपॉझिट, ट्रेनिंग किट अशा कोणत्याही नावाने पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या. महतारी वंदन योजनेत महिन्याला १००० रुपये मिळतात. दोन हजारांची ‘फी’ भरली तर दोन महिन्यांचा हप्ता एका मिनिटात जातो आणि परत मिळणे अवघड असते.

घरून करायच्या डेटा एन्ट्रीच्या नावाखाली एक फसवणूक फार चालते. मुलाखत दोन मिनिटांत संपते आणि निवड झाली असे लगेच कळवतात. मग मोबाइलवर एक करार येतो आणि त्यावर सही करायला सांगतात. आठवडाभर पाने टाइप केल्यावर ‘तुमच्या कामात चुका जास्त आहेत, कराराप्रमाणे दंड भरा’ असा निरोप येतो आणि पाठोपाठ वकिलाच्या नावाची नोटीस. लोक घाबरून पैसे भरतात. भरू नका. कोणतेही न्यायालय अनोळखी यूपीआय आयडीवर दंड भरायला सांगत नाही. ते मेसेज आणि तो करार जपून ठेवा आणि पोलिसांना दाखवा.

मुलाखतीच्या वेळी ओटीपी, बँकेचा पिन किंवा आधारवरचा ओटीपी कोणालाही लागत नाही. ‘मुलाखतीसाठी हे ॲप टाका’ म्हणून व्हॉट्सॲपवर एखादी फाइल आली तर ती उघडू नका. झूम किंवा गूगल मीट लागलेच तर स्वतः प्ले स्टोअरमधून घ्या. स्क्रीन शेअर करायला सांगितले तर नाही म्हणा, कारण तुमच्या फोनवर येणारे मेसेज समोरच्याला दिसू लागतात.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

नोकरी कुठे शोधावी, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून सुरू आहे आणि त्यावरची नोंदणी मोफत आहे. तेथे घरून करायच्या नोकऱ्या आणि ऑनलाइन रोजगार मेळावेही असतात. मदतीचा क्रमांक १५१४. रायपूरमध्ये जिल्हा रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्रातही चौकशी करता येते. आलेल्या कॉलबद्दल शंका असेल तर आधी तुमच्या प्रशिक्षण केंद्राला विचारा. उमेदवारांना कोणत्या कंपनीकडे पाठवले आहे, याची नोंद त्यांच्याकडे असते.

जागा आणि आवाज

इंटरनेटवरच्या सल्ल्यांत स्वतंत्र खोली, मागे पुस्तकांचे कपाट, खास दिवा असे सांगितलेले असते. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहत असतील तर त्याचा उपयोग नाही. कोरी भिंत आणि समोरून येणारा खिडकीचा उजेड पुरतो. खिडकीकडे पाठ करून बसलात तर चेहरा काळा दिसतो, म्हणून तोंड उजेडाकडे ठेवा. फोन हातात धरू नका. डब्यांवर किंवा वह्यांवर डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवा.

मात्र चेहऱ्यापेक्षा आवाज महत्त्वाचा. ग्राहक सेवेच्या कामात तर मुलाखत घेणारा मुळात तुमचा आवाजच तपासत असतो. रायपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय बसवत नाही, पण कूलरचा घरघराट माइकमध्ये शब्दांपेक्षा मोठा ऐकू येतो. तेवढा वेळ तो बंद ठेवा. शक्य असेल तर सकाळची वेळ मागून घ्या. वेळ बदलून मागणे यात गैर काही नाही, फक्त आदल्या दिवशी कळवा. गणेशोत्सवात किंवा लग्नसराईत गल्लीत धुमाल वाजणार असेल तर नातेवाइकांकडे जा, किंवा प्रशिक्षण केंद्राला तासाभरासाठी एखादी वर्गखोली मागा. वाचनालयात नेट असते, पण तेथे बोलता येत नाही, हे लक्षात घ्या.

वायरचा साधा इअरफोन वापरा. त्याचा माइक साडीच्या पदराला किंवा ओढणीला घासला की पलीकडे खरखर ऐकू येते. तो कपड्यापासून दूर राहील असा पिनेने अडकवा. आदल्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच वेळी एखाद्या नातेवाइकाला व्हिडिओ कॉल करून पाहा आणि ‘मी नीट ऐकू येते का’ हे स्पष्ट विचारा.

नेट आणि फोन

अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलला साधारण पाव ते अर्धा जीबी डेटा लागतो. रोजच्या ठरावीक डेटाचा पॅक असेल आणि मुलाखत संध्याकाळी असेल, तर दिवसभर मुलांनी व्हिडिओ पाहिल्यावर ऐनवेळी डेटा संपतो. त्या दिवशी फोन मुलांच्या हाती देऊ नका. फोनमध्ये दोन सिम असतील तर दुसरे बंद ठेवा, कारण मध्येच आलेल्या कॉलने आवाज तुटतो. मोफत झूमची बैठक ४० मिनिटांनी बंद होते. तसे झाले तर घाबरू नका, त्याच लिंकने पुन्हा जाता येते का ते पाहा. पावसाळ्यात वीज जाऊ शकते, म्हणून फोन पूर्ण चार्ज करून बसा. समोरच्याचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. नेट गेले तर साधा कॉल करून सांगा: ‘नेटवर्क गेले आहे, फोनवर बोलू शकतो का?’

काय विचारतात

मुलाखत बहुधा हिंदीत होते. घरात मराठी आणि बाजारात छत्तीसगढी बोलणाऱ्यांनी हिंदी उत्तरे दोन-तीन वेळा मोठ्याने म्हणून पाहावीत, नुसती मनात नकोत. पाठ केलेले उत्तर फोनवर लगेच ओळखू येते. म्हणून मुद्दे लिहा, वाक्ये लिहू नका.

‘अपने बारे में बताइए’ हा पहिला प्रश्न. नाव, शिक्षण, प्रशिक्षण, केलेले काम, एवढे मिनिटभरात सांगा. अनेक महिला येथे ‘काही काम केले नाही, घरीच होते’ असे म्हणतात आणि आपलेच नुकसान करतात. ‘बिहान’च्या बचत गटाचा हिशेब ठेवला असेल, बँकेत गटाचे पैसे भरले असतील, बैठकीची नोंद लिहिली असेल, तर तो अनुभव आहे. किती वर्षे केले आणि गटात किती जणी होत्या, ते आकड्यांत सांगा. मुलांसाठी चार वर्षे घरी थांबला असाल तर तेही सरळ सांगा. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

घरून काम असेल तर लॅपटॉप, वायफाय आणि शांत खोली आहे का, हे विचारतात. नसेल तर आहे म्हणू नका, पहिल्याच दिवशी उघडे पडते. उलट तुम्ही विचारा: लॅपटॉप कंपनी देणार का? हातात पगार किती येणार, आणि त्यातला इन्सेंटिव्हचा भाग किती? पीएफ कापला जाईल का? शिफ्ट रात्रीची आहे का? हे विचारल्याने नोकरी जात नाही.

नावातला फरक

मराठी घरांतल्या विवाहित महिलांची यात अडचण होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव असते, आधारवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. पाहणाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा आणि फरक तुम्हीच आधी सांगा. डिजिलॉकरमध्ये कागदपत्रे आधी उतरवून ठेवलीत तर मागितल्यावर धावपळ होत नाही. ते जमत नसेल तर जवळच्या च्वाइस सेंटरवर मदत मिळते.

निवड झाल्याचे तोंडी कळवले तरी नेमणूकपत्र लेखी मागा. पत्रावर कंपनीचे पूर्ण नाव, पत्ता, पगार आणि रुजू होण्याची तारीख हवी. ते हाती येईपर्यंत मूळ कागदपत्रे कोणाकडेही देऊ नका आणि हातात असलेले काम सोडू नका.