ईमेलच्या तक्रारी, लेखांक ७ : प्रमाणपत्राची चौकट

चाळीसगावात स्टेशन रोडला एका करसल्लागाराचं ऑफिस आहे. जीएसटी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आलेली आणि थंडरबर्डमध्ये मेल उतरेना. पडद्यावर एकच चौकट पुन्हा पुन्हा उमटत होती. सर्व्हरचं प्रमाणपत्र ग्राह्य नाही, सूट द्यायची का? ऑफिसातला मुलगा ‘कन्फर्म’चं बटण दाबायच्याच बेतात होता. ‘थांब, आधी वाच,’ एवढंच त्याला सांगितलं.

गेल्या आठवड्यात आपण पोर्टचे आकडे पाहिले. आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, मेल पाठवायला ४६५ किंवा ५८७. आकडा चुकला, तर बहुधा प्रोग्राम नुसता ताटकळतो आणि शेवटी जोडणी झाली नाही असं सांगतो. प्रमाणपत्राची चौकट मात्र सर्व्हर गाठल्यावरच येते. म्हणजे ही चौकट दिसली की इंटरनेट, राउटर, वायर यांच्या मागे लागू नका. समोरच्या सर्व्हरची ओळख पटत नाही, एवढीच तक्रार उरते.

ही ओळख तीन गोष्टींवर ठरते. बँकेत कर्जाला सातबारा दिला की साहेब त्यावरचं नाव, तारीख आणि तलाठ्याची सही बघतात, तसंच हे.

त्या ऑफिसात घोडं तारखेवर अडलं होतं. चौकटीत तपशील उघडला तर प्रमाणपत्र याच वर्षीचं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात साल २०१५! मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपला होता. वीज गेली की घड्याळ थेट मागे जायचं. फरक इतका मोठा असला की विंडोजही कित्येकदा तो आपणहून दुरुस्त करत नाही. तारीख हाताने लावली, मेल धडाधड उतरले. सेल बदलायचं काम संध्याकाळी केलं. आपल्याकडे लाइट जाण्याचं प्रमाण पाहता जुन्या कॉम्प्युटरवर पहिली नजर घड्याळाकडेच टाकावी, असं माझं ठाम मत आहे.

नावाची गफलत होते ती स्वतःचं डोमेन घेतलेल्या दुकानदारांकडे. सेटिंगमध्ये ‘मेल’ लावून आपल्या डोमेनचं नाव टाकलेलं असतं, पण प्रमाणपत्र होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावाचं. कंपनीने दिलेलं सर्व्हरचं नाव टाका, नाहीतर आपल्या नावाचं प्रमाणपत्र बसवून मागा. लेट्स एन्क्रिप्टकडून ते फुकट मिळतं.

सहीचं प्रकरण जास्त खोल आहे. सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या संस्थेचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र असतं, आणि ते आपल्या कॉम्प्युटरच्या यादीत असलं तरच ती सही चालते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जुन्या आयफोन-मॅकवर धडधाकट सर्व्हरही अनोळखी ठरले. त्याआधीची, २०१४ची गोष्ट आपल्या देशातली. २ जुलैला गूगलला आढळलं की गूगलच्याच काही डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसी, या सरकारी संस्थेच्या सहीने निघाली आहेत. एनआयसीला मान्यता भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांची, आणि त्यांचं मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत. त्यामुळे विंडोजवरचे बरेच प्रोग्राम ती खोटी प्रमाणपत्रं निमूट मानून घेत होते. दुसऱ्याच दिवशी एनआयसीची सही करण्याची प्रमाणपत्रं रद्द झाली. फायरफॉक्सची यादी स्वतःची, तीत हे मूळ नव्हतंच, म्हणून तो वाचला.

अशा वेळी चौकट उमटतसुद्धा नाही. मग जेव्हा उमटते, तेव्हा ती न वाचता दाबून टाकणं किती महागात पडेल! सूट दिली की पुढच्या क्षणी आपला पासवर्ड त्या अनोळखी सर्व्हरच्या हाती जातो. करसल्लागाराच्या मेलपेटीत शेकडो लोकांचे पॅन आणि बँक खाती असतात. थंडरबर्डमध्ये ‘ही सूट कायम ठेवा’ यावर खूण आधीच केलेली असते, तेवढी नीट बघा. पूर्वी कधी सूट दिली असेल, तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली मॅनेज सर्टिफिकेट्स उघडा आणि सर्व्हर्सच्या यादीतून ती आजच काढून टाका.