बोली म्हणजे जबान
घरबसल्या लिलावात भाग घेणाऱ्यांसाठी काही हिशेब, काही अदब

भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी जाऊन उभे राहिले म्हणजे लिलाव काय असतो ते समजते. उजनीच्या पाण्यातली चिलापी, कटला, रोहू, मरळ समोर मांडलेली असते. माल डोळ्यांपुढे, विकणारा पुढे, घेणाराही पुढे. बोली चढत जाते, थांबते आणि शेवटची बोली ज्याची त्याचा माल. बोली बोलून जो मागे फिरला, त्याची दुसऱ्या दिवशी तेथे कोणी दखल घेत नाही. बारामतीच्या बाजार समितीत गुळाच्या आणि भुसाराच्या लिलावातही हीच रीत आहे.

आता दुसरा बाजार पाहा. गेल्या काही वर्षांत आपल्या बारामती-इंदापूरकडच्या अनेकांना मोबाईलवरच्या लिलावाचा शौक लागला आहे. कोणी जुनी नाणी घेतो, कोणी नोटा, कोणी टपाल तिकिटे, कोणी अत्तराच्या जुन्या कुप्या. या बाजारात माल हातात येत नाही, माणूसही दिसत नाही. दिसतो तो फक्त फोटो आणि एक आकडा. आम्ही कापडाचे व्यापारी. तागा बोटांत चोळून पाहिल्याशिवाय भाव बोलायचा नाही, असे आम्हाला वडिलांनी शिकवले. अशा माणसालाही हा शौक लागला, ठेच लागली आणि थोडे शहाणपणही आले. ते वाचक बंधूंपुढे ठेवतो.

नोट 786 ची

प्रथम एक घडलेली गोष्ट. इंदापूरचे एक वयस्कर शिंपी आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांच्याजवळ 786 क्रमांकाची एक नोट होती. ‘अशा नोटेला तीन लाख’ अशी जाहिरात त्यांनी मोबाईलवर पाहिली आणि फोन केला. पलीकडच्या माणसाने सलाम करून गोड आवाजात बोलणे सुरू केले. आधी नोंदणीचे 1,150 रुपये मागितले, मग रिझर्व्ह बँकेचा कर म्हणून 6,800, मग विम्याचे 9,000. एकूण 16,950 रुपये गेले आणि फोन बंद झाला. हे पैसे मुलीच्या निकाहसाठी बाजूला ठेवलेले होते. त्यांनी आम्हाला विचारले, ‘सेठ, आकडा तर मुबारक होता, मग धोका कसा झाला?’

धोका आकड्याने दिला नाही, माणसाने दिला. 786 ला हौशी लोक चार पैसे जास्त देतात हे खरे, पण लाखांची बात ही फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले होते की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, त्यासाठी बँक कोणतेही शुल्क वा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. म्हणून पहिला नियम हा : विकणाऱ्याकडूनच आगाऊ पैसे मागणारा माणूस खरेदीदार नव्हे. खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही.

हा बाजार आला कोठून?

अमेरिकेत 1995 साली ‘ईबे’ सुरू झाले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू एक मोडका लेझर पॉइंटर होती, असे सांगतात. किंमत आली 14.83 डॉलर. आपल्या देशात 2000 साली ‘बाझी डॉट कॉम’ निघाले, 2004 साली ईबेने ते विकत घेतले आणि 2018 साली ईबेचा भारतातला बाजार बंद झाला. त्याच 2000 सालापासून मुंबईचे ‘सॅफ्रनआर्ट’ चित्रांचे लिलाव इंटरनेटवर करीत आले आहे. नाणी आणि नोटांसाठी मुंबईचे ‘टोडीवाला ऑक्शन्स’ हे नाव शौकिनांना ठाऊक आहे. अशा घरांची छापील यादी असते, प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि अंदाजी किंमत असते, अटी लिहिलेल्या असतात. अनोळखी माणसाच्या जाहिरातीत आणि अशा घरात फरक आहे, तो आधी ओळखावा.

बोलीपूर्वी माल ओळखा

‘जुने ते महाग’ हा मोठा गैरसमज आहे. 1862 सालचा व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया फार जुना वाटतो, पण तेच साल ठेवून तो पुढे 1874 पर्यंत पाडला जात होता, म्हणून तो मुबलक आहे. उलट 1939 चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला फार. ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा. 1940 नंतरच्या रुपयात चांदी निम्मीच उरली. वजन लिहिलेले नसेल तर विचारावे. सांगायला टाळाटाळ झाली तर तेथेच थांबावे.

येथे उर्दू शाळेत शिकलेल्यांना एक फायदा आहे, तो आपण वाया घालवतो. मोगल रुपयावर फारसी मजकूर असतो, हिजरी सन असतो, बादशहाच्या जुलूसचे साल असते, टांकसाळीचे नाव असते. पेशवाईत पुणे भागात चालणाऱ्या अंकुशी रुपयावरही मजकूर फारसीच आहे. आपल्याला अक्षरे लावून वाचता येतात. शाहजहानच्या रुपयावर कलमा असतो, औरंगजेबाने नाण्यावर कलमा घालणे बंद केले. म्हणून ‘औरंगजेबाचा रुपया’ म्हणून कोणी कलम्याचे नाणे दाखवले तर समजावे, की विकणारा एकतर अजाण आहे किंवा लबाड.

बोलीचा हिशेब

बहुतेक लिलावघरे बोलीवर खरेदीदाराकडून कमिशन घेतात. समजा बोली 10,000 ची लागली. 15 टक्के कमिशन 1,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 270, टपाल आणि विमा 230. झाले 12,000. वस्तूवर कर असेल तर तो वेगळा. म्हणजे खिशात 12,000 असतील तर 10,000 च्या पुढे बोलायचे नाही. दर प्रत्येक घराचा वेगळा असतो, म्हणून अटी आधी वाचाव्यात.

अनेक ठिकाणी आपली कमाल रक्कम आधीच देऊन ठेवता येते. आपण 5,000 लिहिले, दुसऱ्याची कमाल 3,200 असली आणि बोलीची पायरी 100 ची असली, तर वस्तू आपल्याला 3,300 ला मिळते, 5,000 ला नाही. टपाल तिकिटांच्या पत्राद्वारे होणाऱ्या लिलावात ही रीत अमेरिकेत 1893 पासून आढळते. पुढे विल्यम विक्रे या अर्थशास्त्रज्ञाने 1961 साली तिचे गणित मांडले आणि 1996 साली त्यांना नोबेल मिळाले. सार सोपे आहे. आपल्या मनातली खरी किंमत एकदाच, शांतपणे लिहावी आणि झोपी जावे.

शेवटच्या काही क्षणांत बोली टाकण्याची युक्ती पुष्कळ जण करतात. जेथे घड्याळ ठरल्या वेळी बंद होते तेथे ती चालते. जेथे शेवटी बोली आली की वेळ वाढते, तेथे तिचा उपयोग नाही. रॉथ आणि ओकेनफेल्स या अभ्यासकांनी 2002 साली हेच दाखवले. वेळ ठरलेल्या ईबेवर शेवटच्या घटकेला गर्दी होई, वेळ वाढवणाऱ्या ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात ती कमी असे. ही युक्ती आम्ही गैर मानत नाही. मात्र तिच्यासाठी रात्री जागून डोके तापले की हिशेब सुटतो.

आमचा सुटला होता. सुरतेच्या टांकसाळीचा एक मोगल रुपया होता. आम्ही मर्यादा ठरवली 2,500 ची. पलीकडे एकच माणूस चढत होता. आम्हाला तो रुपया नको होता, त्या माणसाला हरवायचे होते. 4,100 ला आम्ही ‘जिंकलो’. पुढच्याच महिन्यात तसाच रुपया 2,200 ला गेला. गल्ल्यावर बसून नोकराला एका रुपयाचा हिशेब विचारणारे आम्ही, घरात हे कोणाला सांगू शकलो नाही.

अदब

लिलाव ही आपल्याला नवी गोष्ट नाही. हदीसमध्ये आले आहे, की एक गरजू अन्सारी सहाबी मागायला आले, तेव्हा हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या घरची चादर आणि प्याला मागवून घेतला आणि लोकांत बोली लावली. एकाने एक दिरहम म्हटले. जास्त कोण देतो, असे पुन्हा विचारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचे घरात अन्न गेले, दुसऱ्याची कुऱ्हाड झाली. पंधरा दिवसांनी लाकडे विकून ते दहा दिरहम कमावून आले. म्हणजे चढती बोली जायज आहे, आणि तिचा हेतू माणूस उभा करण्याचा होता.

मना आहे ती ‘नज्श’, म्हणजे घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी खोटी बोली बोलणे. मोबाईलवर हे फार सोपे झाले आहे. विकणारा भावाच्या किंवा मित्राच्या नावाने स्वतःच्याच मालावर बोली लावतो. ‘सगळेच करतात’ हा त्याला जबाब नाही. दोस्तीत कोणी सांगितले, ‘माझ्या मालावर दोन बोल्या टाक’, तर साफ नाही म्हणावे. तसेच चार शौकिनांनी आपसात ठरवून एकानेच बोलायचे आणि भाव पाडायचा, हाही विकणाऱ्याच्या हकावर घाला आहे. विकणारी एखादी बेवाही असू शकते.

बोली म्हणजे जबान. जिंकल्यावर ‘मुलाने बटण दाबले’ असे सांगून पळू नये. पैसे मुदतीत द्यावेत. उधारीच्या भरवशावर बोलू नये. हरल्यावर जिंकणाऱ्याला टोमणे मारू नयेत. बोली चालू असताना विकणाऱ्याला बाजूला गाठून सौदा तोडू नये. चांदी-सोन्याच्या नाण्यांबाबत उलमा हातोहात देण्याघेण्याची शर्त सांगतात, म्हणून घरबसल्या घेण्यापूर्वी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावे. ही चौकशी आम्ही उशिरा केली.

कायद्याची बाजू

1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रे ही पुरावस्तू ठरतात. महत्त्वाच्या हस्तलिखिताला 75 वर्षे पुरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातला शौकीन कितीही भाव देवो, टपालाने पाठवू नका. शेतात वा पाया खोदताना हंडा सापडला तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तो माल मोबाईलवर टाकणे म्हणजे स्वतःहून पोलिसांना बोलावणे.

शिंपीसाहेबांचे रुपये

आता त्या शिंपीसाहेबांचे पुढे काय झाले ते सांगतो. गेलेले पैसे परत आले नाहीत. सायबर फसवणुकीची तक्रार 1930 या क्रमांकावर लगेच करायची असते. त्यांनी लाजेपोटी वीस दिवस घालवले. पण त्यांच्या आईच्या पेटीत सात जुने चांदीचे रुपये निघाले. ते घेऊन ते बारामतीला आमच्या दुकानी आले. सातही चिंचेने घासून लखलखीत केलेले! नाण्याचा शौकीन घासलेल्या नाण्याला कमी भाव देतो, हे त्यांना कोण सांगणार?

परवानाधारक घराकडे पाठवताना आम्ही कागदावर स्पष्ट लिहिले : ‘नाणी घासलेली आहेत.’ शिंपीसाहेब म्हणाले, ‘हे लिहायलाच हवे का?’ आम्ही म्हटले, ‘तुम्ही फाटका तागा अस्तरात लपवून शिवता का?’ ते गप्प झाले. भाव कमी आला, सगळे मिळून गेलेल्या रकमेच्या अर्ध्याच्या आसपास. पण ठरल्या दिवशी आला, तक्रार एकही आली नाही. निकाह वेळेवर झाला. बाकीचे आम्ही कापडात समजून घेतले, त्याचा बोभाटा करण्याचे कारण नाही.

शौक जरूर करावा, बंधूंनो. पण माल ओळखून, मर्यादा कागदावर लिहून आणि घरच्यांना सांगून करावा. जी बोली घरात सांगता येत नाही, ती बोलूच नये. बरकत त्याच सौद्यात आहे, ज्यात विकणारा आणि घेणारा दोघेही रात्री शांत झोपतात.